६४ जीबीवाला बजेट लॅपटॉप, १४ महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

बॉक्सवर ६४ जीबी वाचलं तेव्हा मनात म्हटलं, फोन १२८ चा आहे आणि तो तीन वर्षांत भरला नाही, मला काय लॅपटॉपवर पिक्चर साठवायचेत थोडेच, ६४ पुरतील की. टायपिंग, ब्राउजर, मेल, आठवड्यातून दोन-चार ऑनलाइन मीटिंगा, एवढंच काम. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण असले लॅपटॉप बऱ्याच कंपन्या काढतात, आतला सगळा माल जवळपास एकच असतो, बाहेरचं झाकण तेवढं वेगळं. त्यामुळे हा रिव्ह्यू एका मॉडेलचा कमी आणि त्या ६४ जीबीचा जास्त आहे असं समजा.

आधी हे ६४ कुठे जातात ते सांगतो, मला कोणीच सांगितलं नव्हतं. कंपनी जीबी मोजते हजाराच्या पटीत आणि विंडोज मोजते १०२४ च्या पटीत, त्यामुळे बॉक्सवरचे ६४ स्क्रीनवर ५९.६ होतात, यात कोणी चोरी केलेली नसते, मापंच दोन आहेत. त्यातून बूटचं आणि रिकव्हरीचं अशी छोटी पार्टिशनं (ड्राईव्हचे वेगळे काढलेले कप्पे) गेली की सी ड्राईव्ह उरतो ५८ च्या आसपास. त्यावर विंडोज ११ बसलेली, शिवाय अपडेट आणि टेम्पररी फाईलींसाठी विंडोज साधारण ७ जीबी जागा स्वतःच्या नावावर आधीच राखून ठेवते, मग पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज ड्राईव्हवर वापरते ती जागा), हायबरनेशनची फाईल (लॅपटॉप बंद करताना चालू काम जिच्यात साठवलं जातं ती), वरून कंपनीने भरून दिलेली ट्रायलवाली अ‍ॅप्स जी कोणी मागितलेली नसतात. पहिल्या संध्याकाळी माझ्याकडे २८ मोकळे होते. रात्री अपडेटला लावून झोपलो, सकाळी २२. मी अजून एक फोटोसुद्धा टाकला नव्हता! विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबी स्टोरेज आणि ४ जीबी रॅम अशी आहे, माझ्यात बरोबर तेवढंच आहे, म्हणजे काठावर पास.

चांगलं काय ते पटकन सांगून टाकतो कारण ते खरंच चांगलं आहे. वजनाला हलका, आत पंखाच नाही त्यामुळे मीटिंगमध्ये घूंऽऽ आवाज नाही, बॅटरी अख्खा दिवस नाही पण सात तास आरामात जाते, कीबोर्ड या बजेटच्या मानाने फारच बरा. स्क्रीन फिकट आहे, बाजूने बघितलं की आणखी फिकट. कॅमेरा आहे म्हणून आहे. बास.

आता स्टोरेज. स्पेसिफिकेशनमध्ये एसएसडी नाही, ईएमएमसी लिहिलेलं असतं, आणि मी ते वाचून पुढे गेलो होतो, चूक माझी. साध्या फोनमध्ये आणि टॅबलेटमध्ये असते तीच ही चिप, मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे काढून मोठी टाकू वगैरे विसरा. वेगाचं म्हणाल तर ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, साध्या साटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडीची ५५० च्या घरात, आणि एनव्हीएमई या नव्या जोडणीवाल्या तर काही हजारांत जातात. माझ्याकडे टेस्ट लावली तेव्हा वाचायला २७० च्या आसपास आणि लिहायला १२० मिळाले. हे आकडे ऐकायला काही फार वाईट नाहीत आणि जागा मोकळी असते तेव्हा लॅपटॉप चालतोही ठीक. गोची अशी की ही चिप एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते, दोन्ही एकदम नाही, एकेरी पुलासारखं, इकडची गाडी गेल्याशिवाय तिकडची नाही. त्यामुळे मागे अपडेट उतरत असेल आणि पुढे तुम्ही ब्राउजर उघडायला गेलात की क्लिक केल्यावर खिडकी येईपर्यंत हात बांधून बसायचं.

आणि ड्राईव्ह भरत आला की हे सगळं दुप्पट होतं. फ्लॅश मेमरीला (ही चिप त्यातलीच) लिहिलेल्यावर थेट परत लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, त्यासाठी तिला मोकळी जागा लागते इकडचं तिकडे करायला. घरात एकही खोली रिकामी नसताना फर्निचर हलवायचं म्हटलं तर जसं होईल तसं. माझा अनुभव असा की १० जीबीच्या वर मोकळे असतील तोवर लॅपटॉप माणसात असतो, ५ च्या खाली गेला की टाइप केलेली अक्षरं मागाहून येतात.

हे मला कळलं ते सातव्या महिन्यात. विंडोजचं मोठं अपडेट आलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक फाईल पाठवायची होती, आणि मी रात्री अकराला म्हटलं चला हे करून टाकू. सी ड्राईव्हची पट्टी लाल झालेली, ३.९ जीबी शिल्लक. अपडेट उतरलं, ६१ टक्क्यांवर गेलं, मग जागा कमी आहे म्हणून मागे फिरलं, मग परत स्वतःहून उतरायला लागलं. पावणेदोनपर्यंत हा खेळ चालला. (यात एक गोष्ट नंतर कळली, वर्षाची सगळी अपडेट सारखी नसतात. २४एच२ (म्हणजे २०२४ च्या दुसऱ्या सहामाहीचं मोठं अपडेट) मध्ये अख्खी विंडोज बदलते म्हणून जागा भरपूर लागते, २४एच२ वरून २५एच२ ला जायला मात्र छोटंसं पॅकेज पुरतं. हे आधी माहीत असतं तर त्या रात्री झोपलो असतो.)

मग सुरू झाली साफसफाई. आधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे स्टोरेज, तिथे टेम्पररी फाईल्स. तिथे सगळ्यावर टिक मारण्याआधी एक गोष्ट बघा, त्या यादीत डाउनलोड्स पण असतं, घाईत त्यावर टिक पडली तर डाउनलोड फोल्डर साफ. माझं वाचलं. मोठं अपडेट नीट पार पडल्यावर याच यादीत आधीची विंडोज दिसते, ती कित्येक जीबी खाते, १० दिवसांनी आपोआप जाते पण आपल्याला घाई असेल तर इथून आधीच काढता येते, फक्त मग जुन्या व्हर्जनला परत जाता येत नाही.

हायबरनेशन बंद केलं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ, एवढंच. ही फाईल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ४ जीबी रॅमला दीड-एक जीबी परत मिळाले. बदल्यात फास्ट स्टार्टअप जातं, चालू व्हायला चार-पाच सेकंद जास्त, चालतंय. पेजफाईलला मात्र हात लावू नका, ४ जीबी रॅमवर ती बंद केली की ब्राउजरचे टॅब धडाधड मरायला लागतात, मी एक दिवस करून बघितलं आणि गुपचूप परत चालू केली. मग कॉम्पॅक्ट ओएस म्हणून एक प्रकार आहे, विंडोजच्या स्वतःच्या फाईली दाबून ठेवतो, त्याने दोन-एक जीबी सुटले आणि वेगात मला तरी काही फरक कळला नाही. आणि ते विनएसएक्सएस नावाचं फोल्डर दिसतं ना भलंमोठं, ते हाताने डिलीट करायचं नाही म्हणजे नाही. त्यातल्या बऱ्याच फाईली विंडोज फोल्डरमध्ये दिसणाऱ्याच फाईली असतात, हार्डलिंकमुळे (एकच फाईल दोन ठिकाणी दिसते) दोनदा मोजल्या जातात, त्यामुळे दिसतो तेवढा त्याचा आकार नसतोच. ते साफ करायचंच तर विंडोजच्याच डिसम नावाच्या कमांडने.

एवढं सगळं करून साडेपाच-सहा जीबी मिळाले असतील. खरा चोर वेगळाच निघाला. विझट्री नावाचं एक छोटं टूल आहे, ते ड्राईव्हच्या फाईलींची यादीच सरळ वाचतं त्यामुळे काही सेकंदात अख्ख्या सी ड्राईव्हचं चित्र समोर येतं, मोठी फाईल मोठा चौकोन. माझ्या स्क्रीनवर एक भला मोठा हिरवा चौकोन आला, बघतो तर चॅटचं अ‍ॅप. अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरच्या आत (अ‍ॅप्स आपला माल तिथे ठेवतात) कुठेतरी सहा जीबी. फॅमिली ग्रुपवर इतके महिने आलेले सगळे गुड मॉर्निंग, सगळ्या लग्नांचे व्हिडिओ, एकच व्हिडिओ चार ग्रुपवर आला तर चारदा. मी सुप्रभातच्या फुलांसाठी विंडोजच्या फाईली दाबत बसलो होतो! त्याच्या शेजारी दुसरा चौकोन मीटिंगच्या रेकॉर्डिंगचा, अडीच जीबी, ज्या मी एकदाही परत बघितल्या नाहीत. ऑटो डाउनलोड बंद केलं, रेकॉर्डिंग उडवल्या, पट्टी लालची निळी झाली. तेव्हापासून कोणी मला जागा कमी पडतेय म्हटलं की मी कमांड वगैरे सांगतच नाही, आधी विझट्री लाव म्हणतो.

यानंतर मायक्रोएसडी कार्ड घेतलं, १२८ चं, कारण लॅपटॉपला बाजूला खाच होती आणि ती सात महिने रिकामीच होती. कार्ड घेताना वरचे आकडे नीट वाचा. यू३ किंवा व्ही३० म्हणजे सलग लिहिताना कमीत कमी सेकंदाला ३० एमबीची हमी, आणि ए१, ए२ हे छोट्या छोट्या फाईली किती पटापट हाताळेल त्याचं माप. ए२ चे मोठे आकडे मिळायला समोरच्या उपकरणाचाही सपोर्ट लागतो, तो नसेल तर फार आशा ठेवू नका, ए१ पुरे. आणि कार्ड आल्याआल्या एच२टेस्टडब्ल्यू नावाचं टूल चालवा, अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतं, कारण नकली कार्डं ५१२ सांगतात आणि आत ३२ असतात, सुरुवातीला सगळं नीट चालल्यासारखं दिसतं आणि ३२ च्या पुढचा डेटा हवेत.

कार्ड एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या) पद्धतीने फॉरमॅट केलं आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स या फोल्डरांची जागा तिकडे हलवली, फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. इथे मी जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नका. कार्डवर आधी डाउनलोड्स नावाचं वेगळं फोल्डर बनवा आणि मग त्याच्याकडे बोट दाखवा. मी सरळ डी ड्राईव्ह (म्हणजे कार्ड) निवडला, मग अख्खं कार्डच डाउनलोड्स झालं, त्याच्यात पिक्चर्स, त्याच्यात डॉक्युमेंट्स, आणि ते परत पहिल्यासारखं करताना विंडोज भलतेच प्रश्न विचारायला लागली. अर्धा रविवार गेला त्यात.

कार्डवर काय ठेवावं? फोटो, पीडीएफ, गाणी, जुनी कामं, एकदा लिहून वाचायच्या गोष्टी. प्रोग्रॅम नको. मी एक फोटो एडिटर टाकून बघितला, उघडायला इतका वेळ की मी उठून पाणी पिऊन यायचो. शिवाय लॅपटॉप झोपेतून उठला की कार्ड दोन-तीन सेकंद गायब असतं, तेवढ्यात ब्राउजरने डाउनलोड सुरू केलं की फेल. आणि प्रोग्रॅम डी वर टाकला तरी इन्स्टॉलर आधी सी वर टेम्प नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्येच सगळं उघडतो, तेव्हा सी वर जागा लागतेच. झिपचंही तसंच, सेव्हनझिपच्या खिडकीतून फाईल ओढून कार्डवर टाकली तर ती आधी सी च्या टेम्पमध्ये सुटते आणि मग कॉपी होते. ओढू नका, एक्स्ट्रॅक्टचं बटण दाबून जागा द्या. हे कळायला मला तीन महिने लागले, मोठी झिप उघडताना सी का भरतोय हेच समजत नव्हतं.

हो आणि कार्ड म्हणजे बॅकअप नव्हे. कार्डं काही इशारा न देता मरतात.

क्लाउडचा विषय काढला नाही तर कोणीतरी विचारणारच. क्लाउड कामाचं आहे, वनड्राईव्हमध्ये फाईल दिसते पण जागा घेत नाही असं करता येतं, ढगाचं चिन्ह म्हणजे वरती, हिरवी टिक म्हणजे खाली पण, राइट क्लिक करून फ्री अप स्पेस केलं की खालची प्रत जाते. गूगल ड्राईव्हमध्ये तेच स्ट्रीम म्हणून आहे, मिरर निवडलं की सगळं लॅपटॉपवर उतरतं, म्हणजे ६४ जीबीवाल्याने मिरर निवडायचंच नाही. पण जागा करायची म्हणून मी काय केलं, तर फ्री अप स्पेस ऐवजी सरळ डिलीट दाबलं. दोन वर्षांचे फोटो. लॅपटॉपवरून गेले, क्लाउडवरून गेले, फोनवर बघतोय तर तिथेही नाहीत, कारण ती एकच फाईल आहे, आपण वेगवेगळ्या खिडक्यांतून बघतोय इतकंच. पोटात गोळा आला. नशीब वेबसाइटवरच्या कचरापेटीत सापडले. आपलं साधं पर्सनल खातं असेल तर वनड्राईव्ह आणि गूगल ड्राईव्ह दोन्हीकडे ३० दिवस राहतात, ३१ व्या दिवशी आठवलं असतं तर गेले होते. इंटरनेट नसताना ढगवाली फाईल उघडत नाही हे वेगळंच, प्रवासात नेमकी तीच लागते.

अकराव्या महिन्यात, वॉरंटी संपायची वाट न बघता, लॅपटॉप उघडला. कुठेतरी वाचलं होतं की अशा काही लॅपटॉपमध्ये आत एम.२ ची खाच रिकामी असते, एसएसडी टाकली की विषय संपला. खालचे नऊ स्क्रू काढले, दोन रबरी पायांखाली लपलेले होते ते ते पाय उचकटून काढले, जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने टक टक करत झाकण सोडवलं, बॅटरीचा कनेक्टर आधी काढला. आणि खरंच, बॅटरीच्या वर बोर्डवर एम.२ ची जागा आखलेली. पांढऱ्या रेषेत चौकोन, बारीक सोनेरी पट्ट्यांची रांग, पलीकडे स्क्रूचं भोकही. फक्त कनेक्टरच नाही! महागाच्या मॉडेलला तोच बोर्ड वापरत असणार आणि आमच्याला तेवढा एक प्लास्टिकचा तुकडा बसवलेला नाही. मी टॉर्च लावून पाच मिनिटं तिकडे नुसता बघत बसलो. झाकण परत लावलं तर एक स्क्रू उरला, तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

माझ्या मित्राच्या त्याच धाटणीच्या लॅपटॉपमध्ये मात्र कनेक्टरसकट खाच निघाली. तो खूष, लगेच एसएसडी मागवली, बसवली, लॅपटॉपला दिसेचना. झालं असं की त्याची खाच साटावाली आणि त्याने आणली एनव्हीएमई, दिसायला दोन्ही एकसारख्याच पट्ट्या. एनव्हीएमईच्या पट्टीच्या टोकाला साधारण एकच खाप असते, साटावालीला बहुतेक दोन असतात, पण खापेवर विसंबू नका, लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा, लांबीसकट, कारण २२८० म्हणजे ८० मिलीमीटर लांब आणि आत जागा २२४२ ची (४२ मिलीमीटर) असेल तर स्क्रू लागणारच नाही. त्याने ती परत करून साटावाली आणली आणि विंडोज त्यावर नव्याने टाकली. आता त्याचा लॅपटॉप बघून मला जळजळ होते, तोच प्रोसेसर, तीच रॅम.

मी शेवटी बाहेरची एसएसडी घेतली, काड्यापेटीएवढी, यूएसबी ३ च्या पोर्टला लावतो. कार्डपेक्षा कितीतरी वेगवान, प्रोग्रॅमसुद्धा त्यावरून बरे चालतात. पण माझ्या लॅपटॉपला वेगवान पोर्ट एकच, त्यात ती लोंबकळत असते, मांडीवर घेऊन बसलं की वायर कशाततरी अडकते. विंडोज काढून तिच्या जागी लिनक्स टाकायचाही विचार केला, त्यातल्या लिनक्स मिंटला कमीत कमी २० जीबी लागतात, म्हणजे जागेचा प्रश्न बराच सुटला असता, पण कामाचं एक सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही म्हणून राहिलं. तुमचं काम ब्राउजरमध्येच होत असेल तर खुशाल टाका, हा लॅपटॉप लिनक्सवर जास्त सुखात राहील असं मला वाटतं.

स्टार द्यायचे तर ५ पैकी अडीच, त्यातले दोन कीबोर्डला आणि शांततेला. शाळकरी मुलाला, आईबाबांना व्हिडिओ कॉलला, किंवा ज्याचं सगळं ब्राउजरमध्ये आहे त्याला चालेल. फोनचे व्हिडिओ लॅपटॉपवर टाकणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, ४के मध्ये एका मिनिटाचा व्हिडिओ तीन-चारशे एमबी सहज होतो, तासाभराच्या शूटिंगमध्ये सी ड्राईव्ह संपला. आणि घेणारच असाल तर दुकानात विचारायचा प्रश्न किती जीबी आहे हा नाही, आत एम.२ आहे का, कनेक्टरसकट आहे का, साटा की एनव्हीएमई. मी नंतर एका दुकानदाराला हे विचारलं तर तो आधी माझ्याकडे आणि मग लॅपटॉपच्या डब्याकडे बघत राहिला, म्हणून सांगतो, मॉडेल नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन मॅन्युअल स्वतःच शोधा.

आत्ता १३.८ जीबी मोकळे आहेत.